‘तिला किती पडले?’ : सहावीतल्या मैत्रिणींमधली चुरस

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. बालवाडीपासून तिची एकच जिवाभावाची मैत्रीण. एकच बाक, एकच रिक्षा, डबासुद्धा अर्धा-अर्धा. गेल्या वर्षी दोघी पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसल्या. मैत्रिणीचं नाव जिल्ह्याच्या गुणवत्ता यादीत आलं, माझ्या मुलीचं थोडक्यात हुकलं. तेव्हापासून ती घरी मैत्रिणीबद्दल वाकडंच बोलते, स्वतःच्या वह्या तिच्यापासून लपवते, तिला कमी मार्क पडले की खूश होते. आता वर्गात एक नवीन मुलगी आली आहे आणि मैत्रीण तिच्याबरोबर डबा खाते म्हणून रोज रडारड चालू आहे. मैत्रिणीची आई माझीही चांगली मैत्रीण आहे. शाळेत सांगून दोघींचे बाक वेगळे करून घेऊ का? आणि मुलीच्या मनातला हा द्वेष कसा काढू?

उत्तर :

ताई, आधी बाकाबद्दल. बाक वेगळे करून मागू नका, निदान आत्ता तरी नको. सहावीतली मुलं वर्गातली प्रत्येक हालचाल टिपत असतात. दोन जिवलग मैत्रिणींचे बाक अचानक बदलले की दुसरा तास संपेपर्यंत अख्ख्या वर्गाला कळतं, यांचं फाटलं. मग मनातून मिटवावंसं वाटत असलं तरी दोघींना माघार घेणं जड जातं. शिवाय तुमच्या मुलीला त्यातून एवढंच कळेल की आईलाही हे प्रकरण हाताबाहेर गेलेलं वाटतंय.

आणि ज्याला तुम्ही द्वेष म्हणताय तो द्वेष नाही. तुमच्याच प्रश्नात दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या आहेत. मैत्रिणीला कमी मार्क पडले की ती खूश होते, आणि तीच मैत्रीण दुसरीबरोबर डबा खाते म्हणून रडते. जिचं तोंड बघावंसं वाटत नाही, तिच्या डब्यासाठी कोणी रडत नाही. तुमच्या मुलीला मैत्रीण हवी आहे, पूर्वीइतकीच हवी आहे. फक्त तिच्याशेजारी बसल्यावर आपण कमी आहोत असं वाटतं, ते तिला सोसत नाही. दोन्ही भावना एकाच वेळी खऱ्या आहेत. पाचवी ते सातवीच्या मुलांबरोबर समुपदेशक म्हणून काम करताना मी हे सतत पाहते. सगळ्यात कडवी चुरस सगळ्यात जवळच्या जोडीत असते, आणि ती जवळीक खोटी असल्याचा तो पुरावा नसतो.

असं का होतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण ते कळलं की पुढचं बरंचसं तुम्हाला आपोआप सुचेल.

नऊ ते बारा या वयात मैत्रीचं रूप बदलतं. दुसरी-तिसरीपर्यंत मैत्रीण म्हणजे जिच्याबरोबर खेळायला मजा येते ती. सकाळी कट्टी, मधल्या सुट्टीत बट्टी, संध्याकाळी पुन्हा खेळ. पाचवीच्या आसपास त्यात ‘फक्त तुलाच सांगते’ येतं, गुपितं येतात, शब्द पाळणं येतं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ हॅरी स्टॅक सलिव्हन यांच्या निधनानंतर 1953 साली त्यांची व्याख्यानं प्रसिद्ध झाली. त्यात त्यांनी या वयातल्या एका जिवलग सवंगड्याला फार मोठं स्थान दिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की घराबाहेरच्या एखाद्या माणसाचं सुख आपल्या सुखाइतकं महत्त्वाचं वाटण्याचा पहिला अनुभव मूल या मैत्रीत घेतं. म्हणून ती तुटायला आली की मुलांची इतकी तगमग होते. ‘दुसऱ्या मैत्रिणी कर की’ हे आपलं सांगणं त्यांना अजिबात समजत नाही.

याच वयात आणखी एक गोष्ट सुरू होते. मूल स्वतःला मोजायला लागतं. मी हुशार आहे का, मी चांगली पळते का, माझं चित्र खरंच छान आहे की आई उगाच म्हणते? पहिलीतल्या वर्गात ‘पहिला नंबर कोणाचा येणार?’ विचारलं तर निम्मे हात वर होतात. सहावीत तसं होत नाही. तोपर्यंत आपण कुठे आहोत याचा मुलांना बऱ्यापैकी अंदाज आलेला असतो. आता मोजायचं म्हणजे कोणाशी तरी ताडून पाहायला हवं. ते कोणाशी पाहणार? कायम पहिली येणाऱ्या मुलीशी नाही, ती वेगळीच वाटते. सर्वांत मागे राहणाऱ्या मुलाशीही नाही. जी आपल्यासारखीच आहे, आपल्याच गल्लीतली, आपल्याच रिक्षातली, आपल्याच कोपराला कोपर लावून बसणारी, तिच्याशीच. मैत्री साम्यातून होते आणि चुरसही साम्यातूनच होते.

अब्राहम टेसर या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर नेमका पाचवी-सहावीच्या मुलांचा अभ्यास केला होता. तो 1984 साली प्रसिद्ध झाला. मुलांना विचारलं गेलं की शाळेतल्या कोणत्या गोष्टी तुला स्वतःसाठी महत्त्वाच्या वाटतात, कोणत्या नाहीत, आणि वर्गात तुला कोणाचा सहवास आवडतो. दिसलं ते असं : जी गोष्ट मुलाला स्वतःची वाटते, त्यात मुलं साधारणपणे आपल्यापेक्षा जरा मागे असलेला मित्र निवडतात. जी गोष्ट त्यांना फारशी महत्त्वाची वाटत नाही, त्यात मित्र आपल्यापेक्षा सरस असला तर त्यांना ते चालतं, उलट अभिमान वाटतो. चित्रकलेत जीव असलेली मुलगी ‘माझी मैत्रीण तालुक्यात पहिली पळते’ हे छाती फुगवून सांगते. त्याच मैत्रिणीला चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत हिच्यापेक्षा चांगली श्रेणी मिळाली, तर दोन दिवस जेवण गोड लागत नाही.

आता आपल्याकडच्या सहावीतल्या मुलीकडे बघा. तिच्यासाठी महत्त्वाच्या गोष्टी किती ठेवल्यात आपण? शाळेत मार्क, शिकवणीत मार्क, घरी मार्क, लग्नात भेटलेल्या आत्याचा पहिला प्रश्न मार्कांचा. खेळाचा तास गणिताच्या बाई मागून घेतात. गाणं, चित्र, खो-खो ‘परीक्षा झाल्यावर’. वर्गातल्या चाळीस मुलांना स्वतःला मोजायला एकच पट्टी दिली, तर शेजारच्या मैत्रिणीशी टक्कर होणं अटळ आहे. दोघींना दोन वेगळी मैदानं असती तर दोघी एकमेकींचा अभिमान बाळगू शकल्या असत्या. माझं यावर ठाम मत आहे : मुलांमधली बरीचशी जळफळ त्यांच्या स्वभावातून येत नाही, या एका पट्टीतून येते.

शिष्यवृत्ती परीक्षेचं तर आणखी वेगळं आहे. 2016-17 पासून ही परीक्षा चौथीऐवजी पाचवीला घेतली जाऊ लागली होती, म्हणजे मुलं स्वतःला मोजायला लागतात त्याच वयात. दोन पेपर, प्रत्येकी 150 गुण, एकूण 300. एका प्रश्नाला 2 गुण. बुद्धिमत्ता चाचणीत एका आकृतीचा पर्याय चुकला, घाईत एक गोल भलतीकडे रंगवला गेला, की यादीत वर-खाली होतं. शिवाय शिष्यवृत्त्यांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे तिथे खरोखरच एक आत गेली की दुसरी बाहेर राहते. शाळेच्या प्रगतिपुस्तकात तसं नसतं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात दोघींना अ-1 मिळू शकते, वर्गातल्या दहा जणींनाही मिळू शकते. मैत्रिणीला जास्त मिळाले म्हणून तुमच्या मुलीचं काही कमी होत नाही. पण एकदा यादीचा अनुभव घेतलेल्या मुलीला प्रत्येक चाचणी त्या यादीसारखीच वाटायला लागते. हा फरक तिला कागदावर दाखवा. शिष्यवृत्तीतलं दोघींच्या गुणांमधलं अंतर काढा, ते किती प्रश्नांचं होतं ते तिलाच मोजू द्या. ‘तू हुशारच आहेस’ असं दहा वेळा सांगण्यापेक्षा ते आकडे बोलतात, कारण या वयाच्या मुलांना मोघम कौतुक खरं वाटत नाही.

वह्या लपवण्याबद्दल. यावर घरात बोलणी बसत असतील तर ती आधी थांबवा. ‘इतकी स्वार्थी कशी झालीस गं’ हे वाक्य मी फार घरांतून ऐकते. वही लपवणं हा तिचा स्वतःचं काहीतरी राखून ठेवण्याचा प्रयत्न आहे. आजवर दोघींचं सगळं एकत्र होतं आणि त्या एकत्रातून एकीलाच हार घातला गेला. आता तिला वाटतंय, निदान माझी निबंधाची वही तरी माझी. सगळं वाटून घेतलंच पाहिजे अशी सक्ती मैत्रीत नसावी, मोठ्यांच्याही नसते. तिला तसं मोकळेपणाने सांगा : ‘तुझी वही दाखवायची की नाही ते तू ठरव. मात्र दाखवायची नसेल तर सरळ सांग, हरवली म्हणून खोटं बोलू नकोस.’ मुलं यावर आधी गोंधळतात, मग बरीच शांत होतात. नाही म्हणायची परवानगी मिळाली की लपवण्याची गरज उरत नाही.

मैत्रिणीला कमी मार्क पडले आणि ती खूश होऊन घरी आली, तर काय बोलायचं? दोन टोकं टाळा. ‘असं बोलू नये, पाप लागतं’ हे एक. ‘बघ, म्हटलं होतं ना, तू तिच्यापेक्षा हुशार आहेस’ हे दुसरं, आणि हे जास्त घातक. मी पालकांना साधारण असं बोलायला सुचवते :

‘आज तुला बरं वाटलं, नाही का?’

‘हो. तिला गणितात माझ्यापेक्षा तीन कमी आहेत.’

‘वाटतं असं. आणि तिला कसं वाटलं असेल?’

इथे ती गप्प बसेल किंवा ‘मला काय माहीत’ म्हणून उठून जाईल. जाऊ द्या. मागे लागून उत्तर काढू नका. तिने ‘ती रडली’ असं सांगितलं तर फक्त ‘मग तू काय केलंस?’ एवढंच विचारा. मी पाहिलेल्या बऱ्याच मुली इथे हळू आवाजात सांगतात की मी तिला रुमाल दिला, किंवा बाईंना विचारून तिला बाहेर पाणी प्यायला घेऊन गेले. घरी येऊन सांगतानाची बढाई आणि वर्गातलं वागणं यांत खूप अंतर असतं. आपण बढाई ऐकूनच घाबरतो.

आता घरातल्या प्रश्नाकडे येते, आणि हे जरा स्पष्ट बोलते. पेपर मिळाल्याच्या दिवशी मुलगी दारात चप्पल काढत असताना आपण विचारतो, ‘किती पडले?’ ती सांगते. पुढचा प्रश्न, बहुतेक घरांत त्याच श्वासात, ‘आणि तिला किती पडले?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पेपर अवघड होता की सोपा याचा अंदाज घ्यायचा असतो. पण मुलीच्या कानाला ऐकू येतं ते असं की माझे मार्क चांगले की वाईट हे तिच्या मार्कांवर ठरतं. आठवड्याला दोन चाचण्या आणि सहा विषय धरले तर वर्षभरात हे किती वेळा होतं याचा विचार करा. मी तुम्हाला एकच गोष्ट करायला सांगितली असती तर ती हीच : हा प्रश्न बंद. आईने, बाबांनी, आजीने, शिकवणीच्या ताईंनीसुद्धा. मुलीने आपणहून सांगितलं तर ‘बरं’ म्हणून ऐकून घ्या आणि तिच्या पेपरातल्या एखाद्या उत्तराबद्दल विचारा. ‘या गणिताला ही रीत कशी सुचली?’ किंवा ‘हे उत्तर अर्धं का राहिलं, वेळ संपला का?’ बोलणं मैत्रिणीवरून कामावर येतं.

आजी-आजोबांना समजावणं अवघड असतं, मला माहीत आहे. त्यांना भाषण देऊ नका. त्यांना दुसरा प्रश्न द्या. ‘आजी, तिला विचारा आज खो-खोत किती जणांना बाद केलं.’ आजी तो आनंदाने विचारतात.

मोबाइलवरच्या स्टेटसचाही इथे उल्लेख करायला हवा. निकाल लागला की यादीतल्या मुलांचे फोटो पालकांच्या आणि शाळेच्या ग्रुपवर फिरतात, चौकात फलक लागतात. ज्यांची मुलं यादीत आली त्यांचा आनंद रास्त आहे. पण ज्या मुलीचं नाव दोन प्रश्नांनी हुकलं ती तो फलक येता-जाता रोज पाहते. तुम्ही मैत्रिणीच्या आईला अभिनंदन केलं असेल, मुलीसमोर केलं असेल, तेही योग्यच. त्याच दिवशी तुमच्या मुलीशी कोणी बोललं होतं का, हे आठवून बघा. बहुतेक घरांत त्या दिवशी हुकलेल्या मुलाशी ‘पुढच्या वेळी’ एवढंच बोललं जातं. तिचं दुःख तेव्हा बोलायचं राहून गेलं असेल तर आजही उशीर झालेला नाही. ‘यादी लागली तेव्हा तुला फार वाईट वाटलं होतं का?’ असं सरळ विचारा. वर्ष झालं तरी ती त्या दिवसाबद्दल बारीकसारीक सांगेल, कोण काय म्हणालं ते सगळं.

नव्या मुलीचा प्रश्न वेगळा आहे आणि तो त्या मानाने सोपा आहे. तिघींची मैत्री या वयात सहसा डळमळीतच असते. दोघी जवळ आल्या की तिसरी बाहेर, आणि बाहेर कोण ते दर आठवड्याला बदलतं. मैत्रीण नव्या मुलीकडे ओढली जाते याचं एक कारण मला असं दिसतं की नव्या मुलीबरोबर तिला यादी, वही, मार्क यांतलं काहीच सांभाळावं लागत नाही. यादीत नाव आलेल्या मुलीलाही सोसावं लागतं. जिवलग मैत्रीण आपल्यावर खार खाते हे तिला कळतं, आणि का ते कळत नाही. तुमच्या मुलीला नव्या मुलीविरुद्ध उभं करू नका, तिला ‘आगाऊ’ वगैरे म्हणू नका. एखाद्या रविवारी नव्या मुलीला एकटीला घरी बोलवा. तिघींना एकत्र मुळीच नको, त्यात दोन-एक होणारच. तुमच्या मुलीचं तिच्याशी स्वतंत्र नातं झालं की डबा खाताना कोणाच्या शेजारी बसायचं याला फार अर्थ उरत नाही.

मुलांच्या वडिलांकडून मला हाच प्रश्न जरा वेगळ्या रूपात येतो, म्हणून दोन शब्द. मुलग्यांमध्ये ही चुरस मैदानावर दिसते. सलामीला कोण येणार, कॅप्टन कोण, बॅट कोणाची. ती धक्काबुक्कीने फुटते आणि दुसऱ्या दिवशी संपल्यासारखी वाटते. म्हणून घरचे निश्चिंत होतात. पण संघ निवडताना शेवटपर्यंत उभा राहिलेला मुलगा ते कोणाला सांगत नाही. ‘रडीचा डाव’ म्हणून त्याचे मित्र त्याला गप्प करतात आणि ‘मुलासारखा मुलगा, रडतोस काय’ म्हणून आपण. मुलाने अचानक क्रिकेट सोडून दिलं, ‘मला आता आवडतच नाही’ म्हणाला, तर आवड बदलली असं लगेच धरून चालू नका.

दोघींना पुन्हा जवळ आणण्यासाठी पालक बहुतेक वेळा त्यांना एकत्र बागेत नेतात, पिझ्झा खायला नेतात. त्याने फारसं काही होत नाही. 1954 साली मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात अकरा-बारा वर्षांच्या 22 मुलांचं शिबिर घेतलं होतं. दोन गट केले, एकाने स्वतःचं नाव ‘रॅटलर्स’ ठेवलं, दुसऱ्याने ‘ईगल्स’. रस्सीखेच, बेसबॉल, जिंकणाऱ्यांना बक्षिसं. काही दिवसांत मुलं एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत आली. मग शेरीफ यांनी दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र चित्रपट दाखवला. मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. फरक पडायला लागला तो शिबिराचं पाणी बंद झालं आणि दोघांना मिळून बिघाड शोधावा लागला, गाडी अडकली आणि सगळ्यांना मिळून दोर ओढावा लागला तेव्हा. मुलांना अंधारात ठेवून त्यांच्यात भांडण पेटवण्यावर पुढे टीका झाली, आणि ती योग्यच आहे. तसला प्रयोग आज कोणी करू नये. पण त्यातून दिसलेली गोष्ट मी शाळेत पुन्हा पुन्हा खरी होताना पाहिली आहे. नुसतं शेजारी बसवून मनं जुळत नाहीत, एकीचं काम दुसरीवाचून अडलं की जुळायला लागतात.

शाळेत हे करायची एक चांगली पद्धत आहे. मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांनी 1971 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत ती सुरू केली. तिथे वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एका वर्गात आली होती, आणि हात वर करून उत्तर देण्याच्या चढाओढीने त्यांच्यातली तेढ वाढत होती. अॅरन्सन यांनी धड्याचे तुकडे केले. गटातल्या प्रत्येकाकडे एकच तुकडा, तो त्याने इतरांना शिकवायचा, बाकीचे तुकडे इतरांकडून शिकायचे. शेजारच्याला नीट येत असेल तरच आपला पेपर चांगला जाणार. तुम्ही हे घरीही करू शकता. सहावीच्या इतिहासात हडप्पा संस्कृतीचा धडा आहे. नगररचना आणि महास्नानगृह एकीने तयार करायचं, मुद्रा, भांडी आणि व्यापार दुसरीने. शनिवारी एकीने दुसरीला शिकवायचं आणि मग तुम्ही दोघींची तोंडी घ्याल तेव्हा प्रत्येकीला मुद्दाम दुसरीने शिकवलेल्या भागावरचे प्रश्न विचारायचे. मार्क दोघींचे मिळून. पहिल्या वेळी कुरकुर होईल. ‘तिने नीट शिकवलंच नाही’ अशी तक्रार येईल. तेव्हा पंच होऊ नका, ‘मग तिला पुन्हा विचार’ एवढंच म्हणा.

शाळेत खो-खो असेल तर दोघींना त्यात घालायचा जरूर प्रयत्न करा. मला या वयासाठी हा खेळ फार मोलाचा वाटतो. आठ जणी एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववी पाठलाग करते, आणि तिला धावता धावता मागे वळता येत नाही. समोरची निसटून मागे गेली की शेजारच्या पाठीवर थाप देऊन ‘खो’ म्हणायचं आणि आपण तिथे बसायचं. कितीही वेगवान असली तरी एकटी मुलगी काही करू शकत नाही. योग्य वेळी दुसरीला उठवणं हेच तिथलं कौशल्य. आणि इतकं असूनही जिंकायची ईर्षा पूर्ण शाबूत राहते. मुलांच्या मनातून चढाओढ काढून टाकावी असं मला मुळीच वाटत नाही. तिच्यामुळेच ती पहाटे उठून सराव करतात. ही चढाओढ दोघींच्या मधोमध न राहता दोघींच्या समोर जावी, एवढीच खटपट करायची.

तुमच्या मुलीला स्वतःचं एक वेगळं मैदानही हवं. टेसरांच्या अभ्यासातून हे सरळ निघतं. जिथे मैत्रीण नाही असं काहीतरी : पेटी, पोहणं, मातीकाम, गावच्या वाचनालयातली शनिवारची फेरी, काहीही. फक्त ते तिने निवडलेलं असावं आणि त्याचं प्रमाणपत्र, ग्रेड, स्पर्धा यांचा पहिलं वर्षभर विषय नको. नाहीतर तिथेही पट्टी पोचेल.

शाळेशी बोलायचंच असेल तर वर्गशिक्षिकेशी बोला, आणि पालकसभेत नको. तिथे मागच्या खुर्चीवर मैत्रिणीची आई बसलेली असते. वेगळी वेळ मागून घ्या. बाईंना दोन गोष्टी विचारा : वर्गात पेपर देताना मार्क मोठ्याने वाचले जातात का, आणि दोघींना एखाद्या प्रकल्पात एका गटात घेता येईल का. पहिली गोष्ट बंद करायला एक पैसा लागत नाही. पेपर पालथे वाटले तरी पुरतं.

आता एक काळजीची गोष्ट. चुरस आणि छळ यांत फरक आहे आणि तो तुम्हाला ओळखता यायला हवा. चुरशीत दोन्ही बाजू कधी वर कधी खाली असतात, दोघी चिडतात, दोघी मनवतात. छळात एकच मुलगी सतत खाली असते आणि बाकीच्या ठरवून तसं करतात. निकी क्रिक आणि जेनिफर ग्रॉटपीटर या संशोधकांनी 1995 साली तिसरी ते सहावीच्या मुलांमध्ये दाखवून दिलं की दुखावण्यासाठी हातच उचलावा लागतो असं नाही. ‘तिच्याशी बोललीस तर आमच्यात येऊ नकोस’ अशी धमकी, खोट्या गोष्टी पसरवणं, ठरवून वाळीत टाकणं, हीसुद्धा आक्रमकताच आहे. आपल्याकडे त्याला ‘मुलींची भांडणं’ म्हणून सोडून दिलं जातं. आजकाल ते मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये होतं. एकीला वगळून नवा ग्रुप काढायचा आणि तिला ते कळेल अशी व्यवस्था करायची.

शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं आणि रविवारी दुखत नाही, डबा न खाता परत येतो, कंपासमधल्या वस्तू सारख्या हरवतात, एरवी बोलकी मुलगी वर्गातल्या कोणाचंच नाव घेत नाही, झोप उडते. असं दोन-तीन आठवडे चाललं तर तो तुमच्या एकट्याच्या हातचा विषय राहत नाही. वर्गशिक्षिका, मुख्याध्यापक आणि शाळेत असेल तर समुपदेशक यांना लेखी कळवा. काय झालं, कधी झालं, तारखांसह. गावात समुपदेशक नसेल तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं, फोन पालकांनी केला तरी चालतो. आणि उलट बाजूही तपासा. तुमचीच मुलगी कोणाला वाळीत टाकण्यात पुढे नाही ना? हे विचारायला अवघड जातं, तरी विचारा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला तुमच्या घरी छळ दिसत नाही. दिसते ती एक दुखावलेली, मैत्रिणीवर फार माया असलेली मुलगी. यातून मुलं बाहेर येतात. थॉमस बर्न्ट या मानसशास्त्रज्ञांनी चौथी आणि आठवीच्या मुलांची तुलना केली होती. लहान मुलं मित्राशी जास्त चढाओढ करायची, तर आठवीतली मित्राबरोबर बरोबरी साधायचा प्रयत्न करायची. म्हणजे वाढण्याची दिशा आपल्या बाजूची आहे. ही मैत्री टिकेलच असं मात्र मी सांगू शकत नाही. सहावी-सातवीत मैत्र्या बदलतात, आणि बालवाडीपासूनची मैत्री बारावीपर्यंत चाललीच पाहिजे असा हट्ट मोठ्यांनी धरू नये. दोघी हळूहळू लांब गेल्या तर जाऊ द्या. ‘कट्टी’ न होता लांब जाता आलं, रिक्षात एकमेकींशी बोलता आलं, तरी पुष्कळ झालं.

राहिली मैत्रिणीची आई. तिच्याशी बोला, टाळू नका, कारण तुमच्यातलं अवघडलेपण मुली बरोबर ओळखतात. ‘तुझी मुलगी हल्ली माझ्या मुलीला डब्याला घेत नाही’ अशी सुरुवात केलीत तर ती लगेच आपल्या मुलीची बाजू घेईल, तुम्हीही घेतली असतीत. असं म्हणा : ‘दोघींचं हल्ली मार्कांवरून बिनसतंय. मी ठरवलंय, माझ्या मुलीला तुझ्या मुलीचे मार्क विचारायचे नाहीत. तूही दिवाळीपर्यंत एवढं करशील का?’ तिच्या मुलीचं काय चुकतंय याचा एक शब्दही नको. ती हो म्हणाली तर उत्तम. ‘आमच्याकडे असं काही नाही’ म्हणाली तर वाद घालू नका, इतिहासाच्या धड्यासाठी शनिवारी तिच्या मुलीला पाठवायचं आमंत्रण द्या आणि विषय बदला. हा फोन दोघी शाळेत असताना करा.